पांगाऱ्याच्या पाच फांद्या

पांगारा मला झाड म्हणून फार उशिरा कळला. शब्द म्हणून तो जुन्या ओळखीचा होता. मी जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे, थोडं संस्कृतही. पारिभद्र, मंदार, रक्तपुष्प, कंटकी पलाश ही त्याची नावं मला पाठ होती. जुन्या कोशांत त्यालाच कडुनिंबाचं आणि पारिजातकाचंही नाव दिलेलं आढळतं, म्हणजे नावाखाली नेमकं कोणतं झाड उभं आहे याची कोशकारांनाही फारशी फिकीर नसावी. मलाही नव्हती. मंदार हा स्वर्गातल्या पाच वृक्षांपैकी एक, एवढं वर्गात सांगून मी पुढच्या ओळीकडे वळायचो.

लग्नानंतरच्या पहिल्या फाल्गुनात आम्ही एसटीने तिच्या माहेरी निघालो होतो. खिडकीतून एक पेटल्यासारखं झाड दिसलं. मी बायकोला म्हणालो, "बघ, पांगारा फुललाय." ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने मान वळवून पाहिलं आणि पुढच्या सीटवरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो सर, तो पळस आहे. पुस्तक मिटा आणि जरा बाहेर बघा."

तिने मला झाडं अशीच शिकवली, चारचौघांत चूक काढून. पळसाची कळी काळ्या मखमलीच्या वाटीत असते आणि फूल राघूच्या चोचीसारखं वाकतं. सावरीचं फूल जाड पाकळ्यांचं, पेल्याएवढं, झाडाखाली पडलं की धप्पकन आवाज येतो. पांगाऱ्याचं फूल एकटं बघायचं नाही, तुरा बघायचा. सगळी बोटं एका बाजूला वळवलेल्या पंजासारखा तो दिसतो. कोवळ्या फांदीवर काळे काटे असतात. वास नाही. "पळसाला पाने तीनच असं सगळे म्हणतात," ती सांगायची, "पांगाऱ्यालाही तीनच असतात. पण बिचाऱ्यावर कुणी म्हण केली नाही." एकदा तिच्या शाळेच्या सहलीबरोबर मी यावलच्या वरच्या जंगलात गेलो होतो. तिथे तिने मुलांना पांगाऱ्याचा भाऊबंद दाखवला, बुचासारख्या जाड, भेगाळ सालीचा. सालीत नख रुतवून ती म्हणाली, "हा वेगळा. फुलं जरा केशरी, झाड ठेंगणं. दोघांना एक समजायचं नाही." मी मुलांच्या मागे उभा राहून मान डोलावली. पांढऱ्या फुलांचा पांगाराही असतो, तिने लहानपणी एका देवळामागे पाहिला होता. पुढे आम्ही दोनदा तो शोधायला गेलो. देवळामागे सिमेंटचा सभामंडप होता.

तिचं माहेर चाळीसगाव आणि धुळ्याच्या मध्ये, रस्त्याला लागून. तिच्या वडलांचा पूर्वी छोटा पानमळा होता. विड्याच्या पानांचा वेल चढवायला आधार लागतो, तो ते पांगाऱ्याच्या फांद्या रोवून करत. पांगारा सरळ वाढतो, लवकर वाढतो आणि वेलाला हवी तेवढीच विरळ सावली देतो. रांगाच्या रांगा होत्या म्हणे. वडील गेल्यावर तिच्या भावाने मळा मोडला आणि केळी लावली. सगळे पांगारे तोडले, रस्त्याकडेच्या बांधावरचा एक तेवढा राहिला. मी पाहिला तेव्हा त्याचं खोड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावत नव्हतं. फाल्गुनात त्याच्यावर पान नसे. नुसते लाल तुरे आणि त्यांत साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांची जत्रा. खालून जाताना कपड्यांवर मध सांडायचा.

तिच्या भावाला सगळे नाना म्हणतात, मीही. लहानपणी तिने पांगाऱ्याची बी दगडावर घासून तापवली आणि नानांच्या दंडाला लावली होती. नाना अजून बाही वर करून दाखवायचे, "दखा दाजी, तुमनी बाईनं काम. आजून डाग शे." तिथे डाग वगैरे काही नव्हता.

"गोवरचा डाग तो," ती म्हणायची. "नाना, तू गप ऱ्हाय."

गेल्या काही वर्षांत त्या झाडाला काहीतरी झालं होतं. नवीन पान फुटलं की त्याच्या देठाला आणि शिरांना गाठी यायच्या, पान सुजून वाकडं व्हायचं. तिने एक गाठ ब्लेडने कापून भिंगाखाली मला दाखवली. आत बारीक अळ्या होत्या. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी एक माशी पानात अंडी घालते, असं ती म्हणाली. परिसरातले बाकीचे पांगारे त्यानेच गेले. आमच्या झाडाला फुलं येत राहिली, पण शेंगा धरेनाशा झाल्या. "बी नाही म्हणजे आता फांदीवरच सगळं," ती एवढंच बोलली होती. तेव्हा तिची स्वतःची तब्येत चांगली होती.

तिचा आजार दिवाळीत कळला. मधे पंधरा दिवस तिला चांगली भूक लागली, चेहऱ्यावर टवटवी आली, आणि आम्ही सगळे हुरळून गेलो. फाल्गुनात तिने माहेरी जायचा हट्ट धरला. नानांनी गाडी पाठवली. बांधाजवळ गाडी थांबवली तेव्हा झाड फुललेलं होतं, नेहमीसारखं. फक्त खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि त्यावर लाल आकडा होता. रस्ता रुंद होणार होता.

"यादीत आपल्या झाडाचं नाव काय लिहिलंय?" तिने नानांना विचारलं.

"निंब, बाभूळ, चिंच बठ्ठासना नाव शेतस," नाना म्हणाले. "याना नाव समोर 'इतर' लिखेल शे."

ती हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून मी तिच्याकडे बघितलं. मग गाडीतूनच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तोडायच्या आधी फांद्या घ्या आणि लावा. पांगारा फांदीवर येतो. एक तरी जगवा." मी हो म्हणालो. कशी लावायची हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिच्यासाठी ती सांगायची गोष्टच नव्हती. पानमळ्यात वाढलेल्या माणसाला ते भाकरी थापण्याइतकं ठाऊक असतं. मला वाटलं, घरी गेल्यावर विचारू.

चैत्रात ती गेली.

वैशाखात नानांचा फोन आला, करवत घेऊन माणसं आली आहेत, या. मी सकाळची गाडी पकडून चाळीसगावला उतरलो, तिथून रिक्षाने गावी पोचलो तोवर झाड आडवं झालेलं होतं. करवत लावणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "सर, लाकूड तर एकदम पोकळ आहे, आगकाडीच्या कामाचं. याच्यासाठी कशाला आलात?" मी फांद्या पाहिजेत म्हटल्यावर त्याने हव्या तेवढ्या घ्या म्हणून हात केला. मनगटाएवढ्या जाड, पुरुषभर उंच अशा पाच फांद्या मी निवडल्या. निवडल्या म्हणजे सरळ दिसल्या त्या घेतल्या. तळहाताला काटे लागले.

फांद्या अजून ओल्या होत्या, कापलेल्या टोकाला पाणी सुटत होतं. सुकतील म्हणून मला घाई झाली. नानांनाही. ऊन तेव्हा असं होतं की उभ्या केळीची पानं करपत होती. त्याच दुपारी आम्ही नव्या रस्त्याच्या खुणेपासून आत, केळीच्या शेवटच्या ओळीलगत पाच खड्डे केले. शेणखत टाकलं. फांद्या उभ्या केल्या, माती दाबली.

"ठिबकनी एक नळी इकडे वढी लेऊत," नाना म्हणाले. "केयना संगे यासले बी पानी भेटी. तुम्ही काय रोज येनार शेत का?"

मला ते फार बरं वाटलं. आमच्या भागात झाडावर माया करायची म्हणजे त्याला पाणी द्यायचं, दुसरी रीत नाही. केळीला, म्हणजे नानांच्या 'केय'ला, थेंब चुकला की ते रात्रभर झोपत नाहीत. प्रत्येक फांदीच्या बुडाशी एकेक थेंबनळी आली. शिवाय मी आठवड्यातून एकदा जाऊन दोन-दोन बादल्या घालायचो. जळगावच्या घरात मला करायला तेवढं एकच काम होतं. मी पुस्तकं काढून पांगाऱ्याबद्दल वाचायचो. नावं मिळायची, औषधी गुण मिळायचे. कसा लावायचा हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि विचारायचं तर कुणाला, हे मला सुचलं नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी तिसऱ्या फांदीवर हिरवा ठिपका दिसला. आठ दिवसांत पाचांपैकी चार फांद्या फुटल्या. तीन-तीन पानं, कोवळी, तांबूस झाक असलेली. मी बांधावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. नाना केळीतून हाक मारत होते, "दाजी, काय व्हयनं? चक्कर उनी का?"

मी फोटो काढून मुलीला पाठवला. ती बंगळूरला नोकरी करते. आई गेल्यानंतर तिचे फोन छोटे झाले होते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. त्या दिवशी ती पाऊण तास बोलली. "बाबा, आईचं झाड जगलं," असं तीन-चार वेळा म्हणाली. वर्षश्राद्धाला येईन तेव्हा केवढं झालं असेल, सावलीत बसता येईल का, फुलं किती वर्षांनी येतात, तिने सगळं विचारून घेतलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. उत्तरं कुठून दिली ते आठवत नाही.

श्रावणात पानं सुजली. देठांना त्याच ओळखीच्या गाठी आल्या. फांद्यांसोबत माशीही आली होती, किंवा नंतर आली, कोण जाणे. मी सुजलेली पानं खुडून जाळली. आणखी पाणी घातलं. भाद्रपद लागता लागता उरलेली पानं पिवळी पडली आणि गळाली. चारही फांद्यांची, एकाच आठवड्यात.

पितृपंधरवड्यात मी गेलो तेव्हा बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. तिला गावात अक्का म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या पानमळ्यात तिने आयुष्य काढलेलं. तिने विळा खाली ठेवला आणि एक फांदी दोन बोटांनी हलवली. ती डुगडुगली.

"मास्तर," ती म्हणाली, "हाई कोनी लावं?"

मी म्हटलं, मी आणि नानांनी.

"तोडी तोडी लगेच लावं?"

"हो. त्याच दुपारी."

"आनि पानी दिधं." ती विचारत नव्हती. नळीकडे बघत होती. "मास्तर, केय समजनात का पांगाराले? आम्ही फांद्या तोडीसन पंधरा दिन सावलीमा उभ्या करूत. चीक आटना, तोंड सुकनं, मंग कोरडी मातीमा गाडूत. पानी नही म्हंजे नही. तान लागनी का तो मुया धाडस, पानी धुंडाले. तुम्ही त्याना तोंडशी पानी धरं. मंग तो कसाले मुया धाडी?"

"म्हणजे मुळ्या धाडल्याच नाहीत? पण पानं आली होती," मी म्हणालो.

"पानं येतंस. फांदीना पोटमा जे ऱ्हास त्यावर येतंस. ते काय जगनं नही." मग माझा चेहरा बघून तिने आवाज उतरवला. "तिले इचारतात ना, माय. तिले बठ्ठं ठाऊक व्हतं. इतलीशी व्हती तवयपासून माले फांद्या उचली देये."

अक्काने फांदी उपटली. जोर लावावा लागला नाही. बुडाशी काळं, मऊ झालेलं होतं, सालीखाली बोट गेलं. मुळी एकही नव्हती. मी बाकीच्या चार उपटल्या. पाचव्या फांदीला कधीच पान फुटलं नव्हतं म्हणून मी तिच्यावर पाणी थोडं कमी घालत होतो. ती त्यातल्या त्यात टणक निघाली, पण वाळलेली. त्या पाचही बांधावर आडव्या ठेवल्या. नाना आले, त्यांनी बघितलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. त्यांचे वडील पानमळा करत होते आणि ते स्वतः वीस वर्षांचे होईपर्यंत त्याच मळ्यात राबले होते. त्यांना आठवायला हवं होतं. मी तसं म्हणालो नाही. ते आपणहून म्हणाले, "मन्हा ध्यानमाच नही उनं, दाजी. इतलं सालं केय करी करी..." आणि वाक्य तिथेच सोडून पंप बंद करायला गेले.

मुलीचे फोन येत होते. "झाड कसं आहे?" "आहे," मी म्हणायचो. हिवाळ्यात म्हणालो, पानं गळालीत. ते खोटं नव्हतं.

मार्गशीर्षात मी धुळ्याला एका नर्सरीत गेलो. नर्सरीवाला तरुण होता, बोलका. पांगारा म्हटल्याबरोबर त्याने एका कुंडीकडे नेलं. तीन पानांचंच झाड, पण पानांच्या शिरा पिवळ्याधमक.

"हा घ्या सर, पांगारा. बंगल्यावाले हाच नेतात."

"याला फुलं येतात?"

"फुलं कशाला पाहिजेत? पानंच बघा ना, फुलासारखी आहेत."

"साधा नाही का? हिरव्या पानांचा, लाल फुलांचा?"

"साधा कोण ठेवतो सर. गाठींचा रोग येतो त्याला. दिला की चार महिन्यांनी गिऱ्हाईक कुंडी परत घेऊन येतं, वर शिव्या देतं." मग त्याने जरा थांबून विचारलं, "औषधाला पाहिजे का?"

मी नाही म्हटलं. क्षणभर वाटलं, हा पिवळ्या शिरांचा घेऊन जावा आणि बांधावर लावून टाकावा. जात तर तीच आहे. मुलगी ओळखणार नाही. पण शेजारच्या कुंडीत पाणी घालणारा माणूस नळी त्या झाडाच्या बुडाशी धरून उभा होता आणि ते बघून मला तिथे थांबवेना. यावलच्या वरच्या जंगलातून बुचाच्या सालीचा आणावा हेही मनात आलं. दोघांना एक समजायचं नाही, असं तिनेच मुलांना सांगितलं होतं. नेमका तोच पांगारा, तेच झाड, ते आता कुठेच नव्हतं. नव्या रस्त्याच्या मोरीवरच्या भरावात त्याच्या खोडाचा भुसा मी पाहिला होता.

आश्विनातच नानांनी विचारलं होतं, त्या पाच खड्ड्यांच्या जागेवर केळीची आणखी एक ओळ घेऊ का. नळी ओढलेलीच होती. मी घ्या म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

वर्षश्राद्ध नानांच्या घरी ठेवलं होतं, त्या दिवशी सकाळी मुलगी आली. चाळीसगाव स्टेशनवर मी तिला घ्यायला गेलो होतो. तिने एक पिशवी आणली होती, तिच्यात कुंपणाची हिरवी जाळी होती, शेळ्यांपासून झाड राखायला. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, ठिबक, बादल्या, अक्का. तिने चहा संपवला.

"मग मला फोटो पाठवला होता तेव्हा?"

"तेव्हा मुळं नव्हतीच," मी म्हणालो. "तेव्हाच गेलेलं होतं ते."

तिने कप खाली ठेवला. "आणि मी नऊ महिने ऑफिसमध्ये सगळ्यांना तो फोटो दाखवत होते." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीचे बंद नीट आवळले आणि रिक्षाला हात केला.

गावात पोचल्यावर ती म्हणाली, मला जागा तरी दाखवा. आम्ही केळीत शिरलो. केळी माझ्या डोक्याच्या वर गेली होती, जमीन ओली होती. रस्ता आता अगदी जवळ आला होता, ट्रक जाताना पानं हलत होती. मी शेवटच्या ओळीपासून मोजायला लागलो. पहिला खड्डा बांधाच्या वळणाशी होता, पण बांध सरकवलेला होता. दुसरा मोटारीच्या खांबाच्या रेषेत, तो खांबही हलवला होता. सगळे बुंधे सारखे, सगळ्यांच्या बुडाशी तसाच एक थेंब पडत होता.

"इथे?" एका केळीपाशी उभी राहून तिने विचारलं.

"असेल," मी म्हणालो. मग खरं वाटेना म्हणून पुढच्या केळीकडे गेलो. "किंवा इथे."

ती पहिल्या केळीपाशीच थांबली. चपला काढून उभी राहिली. मी दोन केळी पलीकडे उभा होतो. घराकडून नाना हाका मारत होते, गुरुजी आलेत, चला.